नुकसानभरपाईस पात्र कोण?

लहान मुलाला घरातून उचलून संस्थेत नेऊन ठेवताना कोणतेही सरकार त्याची पात्रता विचारीत नाही. आई अविवाहित आहे, बाप मेला आहे, घरात अन्न नाही, मूल शाळा चुकवते, एवढे कारण त्यास पुरते. परंतु तेच मूल साठ-सत्तर वर्षांचे होऊन सरकारच्या दारी येते आणि त्या संस्थेत आपणांस मारले, उपाशी ठेवले, आपल्या देहाची विटंबना केली असे सांगू लागते, तेव्हा मात्र सरकारला पात्रतेची आठवण होते. आपण कोणत्या संस्थेत होता? ती यादीत आहे काय? किती दिवस होता? कागद कोठे आहे? अर्ज मुदतीत का केला नाही? आयर्लंड देशात गेली वीसहून अधिक वर्षे हे प्रश्न विचारले जात आहेत, आणि त्यांच्या उत्तरांवरून हजारो वृद्ध स्त्रीपुरुष भरपाईच्या दाराआड किंवा दाराबाहेर राहिले आहेत. त्या व्यवहाराचा विचार आज आम्ही करणार आहोत.

प्रथम वस्तुस्थिती. इंग्रजी अंमलात, १८६८ साली, आयर्लंडात औद्योगिक शाळांचा कायदा झाला. १९२२ साली तो देश स्वतंत्र झाला. परंतु नव्या राज्याने ही व्यवस्था व तिच्यातील शाळा जशाच्या तशा चालू ठेवल्या. न्यायाधीशाच्या हुकुमाने मूल शाळेत जाई व सोळाव्या वर्षापर्यंत तेथेच अडकून पडे. त्याचा अपराध बहुधा दारिद्र्य हाच असे. शाळा चालवीत रोमन कॅथलिक धर्मसंघटना. आणि सरकार दर मुलामागे ठरावीक रक्कम त्यांच्या हाती ठेवी. जितकी मुले अधिक, तितके अनुदान अधिक. डब्लिनजवळची आर्टेन येथील शाळा तर तब्बल ८३० मुलग्यांसाठी मान्य झालेली होती. पश्चिम किनाऱ्यावरील लेटरफ्रॅकची शाळा वस्तीपासून इतकी दूर की, पळून जाणाऱ्या मुलाला जावयास जागाच नसे. गोल्डनब्रिजच्या मुलींना शाळा सुटल्यावर जपमाळांचे मणी तारेत ओवावे लागत. रोजचा नग पुरा झाला नाही तर मार बसे. येशूच्या आईचे नाव घेण्याच्या माळा अशा तऱ्हेने तयार होत.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. १९४६ साली अमेरिकेत अनाथ मुलांसाठी नावाजलेली संस्था चालविणारे फादर फ्लॅनॅगन हे मूळचे आयरिश धर्मगुरू मायदेशी आले व त्यांनी या शाळांतील शिक्षांवर जाहीर टीका केली. ते स्वतः कॅथलिक, धर्मगुरू आणि जगप्रसिद्ध. तरीही देशाच्या न्यायमंत्र्यांनी त्यांची टीका धुडकावून लावली. मग साध्या माणसाचे कोण ऐकणार? पीटर टिरेल हा लेटरफ्रॅकचा एक जुना विद्यार्थी. त्याने आपल्या बालपणाची हकीकत लिहून काढली आणि ओवेन शीही-स्केफिंग्टन या सिनेटरांशी पत्रव्यवहार केला. १९६७ साली लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर त्याने स्वतःला जाळून घेतले. प्रेताची ओळख पटण्यास सुमारे एक वर्ष लागले, आणि तीही जवळ सापडलेल्या एका पोस्टकार्डाच्या फाटक्या तुकड्यावरून. त्याचे पुस्तक छापले गेले ते २००६ साली.

अखेर १९९९ साली मेरी रॅफ्टरी या पत्रकार स्त्रीने दूरचित्रवाणीवर या शाळांवरील चित्रपटमालिका आणली आणि देश हादरला. ११ मे १९९९ रोजी पंतप्रधान बर्टी आहर्न यांनी राज्याच्या वतीने क्षमा मागितली. चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा पाच खंडांचा अहवाल बाहेर पडण्यास २० मे २००९ हा दिवस उजाडावा लागला. मुलग्यांच्या शाळांत लैंगिक अत्याचार हे अपवादाने घडत नसून ती तेथील नित्याची व्याधी होती, आणि शिक्षण खाते धर्मसंघटनांपुढे इतके नमून वागत होते की त्याची तपासणी नावापुरतीच उरली होती, असे त्या अहवालाने नमूद केले आहे. येथे एक गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. आयोगाची व्यवस्था पाहणारे व भरपाईचा कायदा तयार करणारे खाते कोणते? तेच शिक्षण खाते! आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा न्यायमूर्ती लॅफॉय यांनी २००३ साली राजीनामा दिला, तो याच खात्याच्या असहकाराकडे बोट दाखवून. ऋणकोनेच सावकाराची खतावणी लिहावयास बसावे, तशी ही व्यवस्था होती. पुढे आलेल्या साऱ्या पात्रतांचे मूळ येथे आहे.

भरपाईचा कायदा २००२ साली झाला. तो सर्वस्वी वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. अर्जदाराने कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची त्यात आवश्यकता नव्हती. आपली ओळख पटवावी, बालपणी अमुक संस्थेत राहिल्याचे दाखवावे, आणि झालेली इजा सांगितलेल्या अत्याचाराशी जुळते असे दाखवावे, एवढे पुरे होते. अत्याचाराच्या व्याख्येत मारहाण व लैंगिक अत्याचार यांच्याबरोबर मुलाची हेळसांडही घातली होती. सुनावणी खासगी असे. पंधरा हजारांहून अधिक लोकांस मंडळाने भरपाई दिली. सरासरी रक्कम ६२,००० युरोंच्या आसपास पडली. न्यायालयाच्या पायऱ्या चढून मुदतबाह्य दावा चालविण्यापेक्षा ही वाट सोपी होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु या कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. सव्वाशेच्या आसपास संस्थांची नावे तीत होती व पुढे काही भर पडली. ज्या संस्थेचे नाव अनुसूचीत, तिच्यातील मूल पात्र; ज्या संस्थेचे नाव नाही, तिच्यातील मुलाने कितीही भोगले असले तरी ते अपात्र. नाव घालावयाचे की नाही हे मंत्र्याने ठरवावयाचे, आणि त्याची कसोटी अशी की, त्या संस्थेच्या तपासणीचा वा नियंत्रणाचा अधिकार सरकारी यंत्रणेस होता काय. वरवर पाहता ही कसोटी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा झाला की, जेथे सरकारने लक्ष घातले नाही किंवा लक्ष घालूनही जबाबदारी नाकबूल केली, तेथे सरकार मोकळे!

याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे डब्लिनमधील बेथनी होम. ही प्रॉटेस्टंट पंथाची संस्था. अविवाहित माता व त्यांची मुले तेथे ठेवीत. तेथील दोनशेहून अधिक बालके शहरातील माउंट जेरोम दफनभूमीत खूणही न ठेवता पुरलेली आहेत. १९३४ च्या प्रसूतिगृह नोंदणी कायद्याखाली सरकारी तपासनीस या संस्थेत जात असत. १९३९ साली तेथील बालमृत्यूंविषयी तक्रारी उठल्या, तेव्हा वरिष्ठ सरकारी वैद्यकीय अधिकारी पाहणीस गेले. त्यांना खटकले काय? अनौरस मुले नाजूकच असावयाची, अशी समजूत करून घेऊन त्यांनी मृत्यूंचा प्रश्न बाजूस सारला; त्यांची खरी हरकत ही की, प्रॉटेस्टंट संस्थेत कॅथलिक मातांस व मुलांस का घेतात? अखेर कॅथलिकांस प्रवेश देणे संस्थेने बंद केले आणि सरकारचे समाधान झाले. मूल मेले तर चालेल, परंतु पंथ बदलता कामा नये! धर्मांतराच्या प्रश्नाचा ज्यांना रोजचा अनुभव आहे अशा आमच्या वाचकांस या वृत्तीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. माणसाच्या जिवापेक्षा त्याच्या धर्माची गणती मोठी मानणारे अधिकारी त्यांनी जवळून पाहिलेले आहेत. पुढे २००२ साली अनुसूची झाली तेव्हा बेथनीचे नाव तीत आले नाही. तपासणीस माणूस गेला होता, त्याचा अहवाल दप्तरी होता, आणि तरीही संस्था खासगी ठरली.

मॅग्डालेन धुलाईघरांची कथा याच मासल्याची आहे. या घरांत मुली व स्त्रिया कुलुपाआड बिनपगारी कपडे धूत. १९२२ पासून शेवटचे धुलाईघर १९९६ साली बंद होईपर्यंत सुमारे दहा हजार स्त्रिया त्यांत गेल्या. ही धर्मसंघटनांची खासगी घरे आहेत, राज्याचा त्यांच्याशी संबंध नाही, असे सरकार वर्षानुवर्षे सांगत आले. २०१३ साली सरकारच्याच समितीने नोंदी चाळल्या, तेव्हा ज्यांच्या प्रवेशाची माहिती मिळते त्यांपैकी २६.५ टक्के स्त्रियांस धाडण्यात राज्याचा हात होता असे आढळले. मग पंतप्रधान एंडा केनी यांनी क्षमा मागितली व स्वतंत्र योजना निघाली. त्या योजनेलाही यादी होतीच. काही मुली धुलाईघराला लागून असलेल्या प्रशिक्षणगृहात झोपत आणि दिवसा धुलाईघरात राबत. त्यांचे बिछाने दुसऱ्या नावाच्या इमारतीत होते, म्हणून त्यांचे अर्ज फेटाळले गेले. एकाच आवारातील, एकाच धर्मसंघटनेची ही दोन घरे! देशाच्या लोकपालांनी २०१७ साली या कारभारावर कडक अहवाल लिहिला, तेव्हा कोठे सरकारने दार किंचित किलकिले केले. मुलीचे हात कोठे राबले हे न पाहता तिची पाठ कोठे टेकली हे पाहणारी ही न्यायबुद्धी अजब खरी.

आता मुदतीविषयी. अर्ज करण्याची शेवटची तारीख १५ डिसेंबर २००५ होती. अपवाद म्हणून उशिरा आलेले काही अर्ज पुढे २०११ पर्यंत घेतले गेले. नंतर दार कायमचे बंद झाले. या शाळांतून बाहेर पडलेली पुष्कळ मुले इंग्लंडात मजुरीसाठी निघून गेली होती. आपल्या देशाचे वर्तमानपत्र ती वाचीत नव्हती, आणि त्यांतील कित्येकांना शाळेत वर्षे काढूनही धड वाचता येत नव्हते. ज्या अत्याचाराने माणसाला बोलण्यास पन्नास वर्षे लागतात, त्याविषयी तीन वर्षांत अर्ज आला पाहिजे असा नियम करणारा माणूस एक तर अत्याचार ओळखत नाही, किंवा फार चांगला ओळखतो.

आणि ज्याला भरपाई मिळे त्याचे काय? रक्कम स्वीकारताना पुढे न्यायालयात दावा करण्याचा हक्क त्याने सोडून द्यावयाचा. शिवाय मंडळापुढील अर्जाची किंवा निवाड्याची माहिती, ज्यायोगे संस्था वा माणूस ओळखू येईल अशा रीतीने, प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा. त्यास दंड व तुरुंगवास. म्हणजे मुलाला बालपणी गप्प बसविले छडीने आणि म्हातारपणी कायद्याने. याच्या शेजारी धर्मसंघटनांशी झालेला करार ठेवून पाहावा. जून २००२ मध्ये सरकारने अठरा संघटनांशी करार केला: त्यांनी रोख, मालमत्ता व सेवा मिळून १२ कोटी ८० लाख युरोंचे देणे द्यावे आणि त्याबद्दल सरकारने त्यांच्यावरील पुढील दाव्यांचा भार आपल्या शिरावर घ्यावा. एकंदर खर्च दीडशे कोटी युरोंच्या घरात गेला. तो बहुतांशी करदात्यांनी सोसला. या संघटनांस संरक्षण देताना कोणी त्यांच्या दिवसांचा हिशेब मागितला नाही, की त्यांची दप्तरे पूर्ण आहेत की नाहीत हे विचारले नाही. पात्रतेची चाळणी फक्त मुलांसाठी!

एकदा चाळणीतून गळलेला माणूस पुढच्या प्रत्येक चाळणीतही गळतो, हा या व्यवहाराचा सर्वांत क्रूर भाग होय. २०१२ च्या कायद्याने पीडितांच्या औषधपाण्यासाठी, घरदुरुस्तीसाठी, शिक्षणासाठी एक निधी स्थापण्यात आला. त्याचा लाभ कोणास? ज्यांना पूर्वी मंडळाकडून किंवा न्यायालयाकडून भरपाई मिळाली होती त्यांनाच. जो २००५ साली इंग्लंडातील एखाद्या खोलीत तोंड मिटून बसला होता, तो निधीलाही मुकला. २०२५ च्या शरद ऋतूत या शाळांत बालपण गेलेल्या चौघा वृद्धांनी डब्लिनमधील लोकसभागृहासमोर उपोषण आरंभिले. मागणी काय, तर धुलाईघरांतील स्त्रियांस मिळते तसले वैद्यकीय सवलतीचे कार्ड आणि निवृत्तिवेतन. क्षमायाचनेस सव्वीस वर्षे लोटल्यावर, सत्तरीकडे झुकलेल्या देहांनी, थंडीवाऱ्यात रस्त्यावर झोपून मागावयाची ही गोष्ट आहे काय?

कोणी म्हणेल, पहिल्या कायद्यात चुका झाल्या, पुढे सरकार शहाणे झाले असेल. त्याने २०२३ चा कायदा वाचावा. हा कायदा माता-बालक गृहांसाठी आहे. अविवाहित मातांस ज्या गृहांत ठेवीत व ज्यांतून त्यांची मुले दत्तक दिली जात, ती ही गृहे. ट्यूम गावच्या अशाच एका गृहातील ७९६ बालकांचे मृत्युदाखले कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी स्वतःच्या खर्चाने मिळविले, तेव्हा हा प्रश्न जगापुढे आला. चौकशी आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला: त्याने तपासलेल्या गृहांत सुमारे ५७,००० मुले होती आणि त्यांपैकी सुमारे ९,००० मरण पावली. पंतप्रधानांनी पुन्हा क्षमा मागितली. मग भरपाई आली. ती अशी की, मातेने एक रात्र काढली असली तरी ती पात्र. परंतु जो तेथे बालक म्हणून होता त्याने किमान १८० दिवस काढलेले असले पाहिजेत. हयात असलेल्या सुमारे ५८,००० जणांपैकी ३४,००० पात्र ठरतील असा सरकारचाच अंदाज होता. उरलेले सुमारे २४,००० बाहेर. याखेरीज ज्या मुलांना गृहातून शेतकऱ्यांच्या घरी पोटावारी कामाला धाडले, त्यांच्या तेथील हालांबद्दल या योजनेत काहीच नाही.

सहा महिन्यांच्या या नियमाचे समर्थन असे करण्यात आले की, इतक्या लहानपणी थोडे दिवस राहिलेल्या मुलास तेथील अनुभवाची आठवण असणार नाही. वाहवा! आईपासून मूल तोडणे हाच जेथे अपराध, तेथे मूल जितक्या लवकर तोडले तितका अपराध लहान मानावयाचा, असा हा हिशेब झाला. पाचव्या महिन्यात ज्याला दत्तक देऊन टाकले त्याला काहीच भोगावे लागले नाही; सातव्या महिन्यात दिले त्याला मात्र भोगावे लागले! बालमानसाचे तज्ज्ञ या नियमाविरुद्ध बोलले. त्यांच्या संसदेच्या समितीनेही २०२२ साली हा नियम काढून टाकावा अशी शिफारस केली. नियम राहिला. आमच्या मते त्याचे कारण मानसशास्त्रात नसून खजिन्यात आहे. आधी रक्कम ठरते, मग त्या रकमेत बसतील इतकी माणसे ठरतात, आणि शेवटी बाहेर राहिलेल्यांसाठी तत्त्व शोधले जाते.

कॅनडा देशाने यापेक्षा एक वेगळी वाट धरली होती, तिचा उल्लेख येथे करणे अगत्याचे आहे. तेथील आदिवासींच्या मुलांस शतकाहून अधिक काळ सरकारी पैशावर चर्चसंस्थांनी चालविलेल्या निवासी शाळांत कोंडले गेले. अशी सुमारे दीड लाख मुले. २००७ साली अमलात आलेल्या समझोत्याने असे मान्य केले की, त्या शाळेत राहावे लागणे हीच मुळात इजा आहे. ती सिद्ध करण्यासाठी मार दाखविण्याची गरज नाही. पहिल्या वर्षासाठी १०,००० डॉलर, पुढील प्रत्येक वर्षासाठी ३,००० डॉलर. विशेष अत्याचारांसाठी वेगळी सुनावणी. तत्त्व म्हणून हे आयर्लंडच्या कायद्याहून उजवे आहे. परंतु यादीचा रोग तेथेही सुटला नाही. लाब्राडोरमधील निवासी शाळा केंद्र सरकारने चालविल्या नव्हत्या म्हणून वगळल्या. तेथील लोकांची क्षमा मागावयास २०१७ साल उजाडले. जी मुले त्याच शाळेत दिवसा शिकत व रात्री घरी जात, त्यांना २०२१ पर्यंत थांबावे लागले. आणि ज्यांची वर्षे मोजावयाची, त्यांच्या नोंदींचे कागद कित्येक ठिकाणी नष्ट झालेले. नोंदवही ठेवण्याची जबाबदारी शाळेची, ती हरविली शाळेने, आणि वर्षे कापली गेली मुलाची.

आता या सर्वांशी आमचा संबंध. अनुसूची हा शब्द आमच्या समाजाला परका नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी झाली आणि विशिष्ट धर्माचे तेवढेच लोक तीत राहतील असे तिला जोडून आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि केंद्र सरकारच्या दृष्टीने ते एका दिवसात अपात्र झाले. अस्पृश्यतेचे चटके देणारा शेजारी बदलला नव्हता, पाणवठा बदलला नव्हता. अर्जावरील धर्माचा रकाना तेवढा बदलला होता. १९९० साली कायदा दुरुस्त होईपर्यंत चौतीस वर्षे गेली. दलितांतून ख्रिस्ती व मुसलमान झालेले लोक आजही त्या यादीबाहेरच आहेत. तेव्हा जखम एकीकडे आणि यादी दुसरीकडे असली म्हणजे काय होते, हे आम्हांस डब्लिनहून शिकावयास नको.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. आमच्या महाराष्ट्रात मागासवर्गीयांची वसतिगृहे व आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा यांपैकी कित्येक खासगी संस्था चालवितात आणि सरकार दर विद्यार्थ्यामागे परिपोषण अनुदान देते. या पद्धतीने लाखो मुले शिकली, डॉ. बाबासाहेबांनी वसतिगृहांवर किती भर दिला हे आम्ही विसरलेलो नाही. वसतिगृह नसते तर आमची एक पिढी शेणातच राहिली असती. म्हणूनच त्यांच्या आत काय चालते हे विचारण्याचा हक्क आमचा सर्वांआधी आहे. आश्रमशाळांतील मुलींवरील अत्याचाराची, साप चावून वा तापाने मेलेल्या मुलांची वृत्ते आपण अधूनमधून वाचतो. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा आहे. त्याखाली विशेष न्यायालय भरपाईचा आदेश देऊ शकते, खटला संपण्यापूर्वी अंतरिम रक्कमही देऊ शकते. चांगली गोष्ट आहे. पण हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा. तत्पूर्वी, समजा १९८५ साली, ज्याचे बालपण एखाद्या अनुदानित वसतिगृहाच्या कोठीत नासले, त्याच्यासाठी आमच्या राज्याजवळ आयोग नाही, मंडळ नाही, अनुसूचीही नाही. आयर्लंडच्या सरकारने चाळणी लावली. येथे अजून धान्यच अंगणात आलेले नाही.

आज ना उद्या ते येईल. तेव्हा आमच्या कायदेमंडळाने आयर्लंडची प्रत उतरवून घेऊ नये एवढ्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत. पात्रतेचा आधार इमारतीचे नाव किंवा दिवसांची संख्या हा असता कामा नये. ज्या हाताने मुलाला तेथे धाडले व ज्या हाताने त्याच्यामागे अनुदान मोजले, तो हात सरकारी होता काय, एवढाच प्रश्न विचारला जावा. होता, तर संस्था खासगी होती ही सबब चालू नये. हानीचे मोजमाप नंतर, आणि ते करणारे मंडळ त्या खात्याबाहेरचे असावे ज्याच्यावर आरोप आहे. नोंदवही सापडत नसेल तर संशयाचा फायदा मुलाला मिळावा. वही ज्याच्या ताब्यात होती त्याला नव्हे. भरपाई घेणाऱ्याच्या तोंडावर कुलूप लावू नये.

आणि एक काम असे आहे की ज्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आयर्लंडात कित्येक वृद्धांस आपण अमुक शाळेत होतो हे दाखविण्यासाठी त्याच धर्मसंघटनांच्या दारी कागद मागत हिंडावे लागले. त्यांपैकी पुष्कळांना तर तेथे नावाने नव्हे, क्रमांकाने हाक मारीत असत. आमच्या समाजाच्या हाती आज अनेक वसतिगृहे आहेत. वाचकांपैकी कित्येक जण त्यांच्या व्यवस्थापक मंडळांवर असतील. शाळा सोडताना मुलाला दाखला मिळतो, वसतिगृह सोडताना काही मिळत नाही. त्यालाही नोंदवहीचा सहीशिक्क्याचा उतारा द्यावा: केव्हा आला, केव्हा गेला, कोणाच्या शिफारशीने वा हुकुमाने आला, आणि त्याच्या नावे किती महिन्यांचे अनुदान उचलले गेले. एवढे चार रकाने पुरेत. या जून महिन्यापासून हे सुरू करता येईल.